व्यंकटीमामांची चिंधी

शेजारच्या व्यंकटीमामांकडे गेलं की चहाआधी चिंधी मिळते. पांढऱ्या टॉवेलची, वीतभर. "शिंकर," मामा हुकूम सोडतात. पाहुणा कितीही मानाचा असो, दारातच नाक शिंकरायचं आणि चिंधी मामांच्या हाती द्यायची. ते ती उजेडात धरतात आणि माणूस दिवसभर कुठे होता ते सांगतात. किळस आली? मलाही यायची. पण सोलापूरचा माणूस कशालाही सरावतो, इथल्या उन्हालासुद्धा.

मामांची हयात टॉवेल विणणाऱ्या यंत्रमागावर गेली. संध्याकाळी नाकातून ज्या रंगाचं सूत निघे, त्यावरून आज कोणता माल काढला ते घरी कळे. तिथूनच हे वेड लागलं. "नाकात केसं कशाला दिल्यात देवानं?" मामा विचारतात. "जाड धूळ दारातच आडवाया. बाकीची वळणावर चिकटती. लई बारीक हाय ती आत जाती, ती काय परत येत न्हाय."

एकदा पेठेतला शिवप्पा बायकोला घेऊन आला. वळसंगला शेतावर राबून आलो म्हणाला. चिंधी पिवळीजर्द! "जत्रंत भंडारा उधळून आलास की रं," मामा म्हणाले. त्या दिवशी शिवप्पाच्या घरी चूल पेटली नाही म्हणतात.

मामांची बायको राजव्वामामी. मांडीवर सूप घेऊन त्यांनी जन्मभर त्याच घरात विड्या वळल्या. मागच्या वर्षी त्या गेल्या. उरलेली पानं-तंबाखू कारखान्यात परत गेली. महिने उलटले, तरी मामांच्या स्वतःच्या चिंधीवर रोज तपकिरी रेघ उमटायची. मी वास घेऊन पाहिला. विडीचीच तंबाखू. घरात आता कोणी विडी वळत नव्हतं की ओढत नव्हतं.

"आली व्हती की दुपारी," मामा म्हणाले आणि मामींच्या रिकाम्या पाटाकडे बघून हसले.

मामी अजून घरी येतात, असा पेठेत बोभाटा झाला. बायका त्या दारावरून नाकाला पदर लावून जाऊ लागल्या. शिवप्पानं स्वतःच्या चौकटीला लिंबू-मिरची बांधली. मामांना त्याचं काही नव्हतं. दुपारी भिंतीपलीकडचे माग सुरू झाले, भिंत थरथरू लागली, की ते सतरंजीवर उताणे पडत आणि तोंड वर करून सावकाश, खोल श्वास घेत. डोळे उघडे, ओठांवर हसू. मी खिडकीतून एकदाच पाहिलं. पुन्हा पाहायची हिंमत झाली नाही.

कोणीतरी त्यांच्या लेकीला, पद्माला, फोन केला. ती पुण्याहून आली, पदर खोचला आणि शिडी लावून वर चढली. छताच्या वाशांवर बोटभर तपकिरी थर! आईच्या सुपातून वर्षानुवर्षं उडालेला. भिंत हादरली की तो भुरुभुरु खाली येई. "हे बघा तुमचं भूत," ती आम्हा सगळ्यांना म्हणाली. तिनं घर झाडलं, चुना मारला, बापाच्या हातात मास्क ठेवला आणि परत गेली. शिवप्पाचं लिंबू उतरलं.

चार दिवसांनी मी मामांकडे गेलो तर चिंधी मिळालीच नाही. मामांना सणसणीत सर्दी झाली होती. नाक चोंदलेलं, आवाज गेंगाणा. शिंक आली तशी त्यांनी दोन्ही हातांनी नाक गच्च दाबून धरलं. डोळ्यांतून पाणी आलं, पण शिंक सोडली नाही.

"मामा, शिंकरा की! गुदमराल अशानं."

त्यांनी मान हलवली.

"ती धूळ आहे, हे तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

"म्हाईत व्हतं की. पर तिच्या हातची धूळ न्हवं ती? पद्मीनं समदं घर पुसलं. जरा हितं राहिली आसंल." त्यांनी नाकाला बोट लावलं. "शिंकरलो तर ती बी जाईल."

तेवढ्यात पलीकडचे माग सुरू झाले. भिंत थरथरली. मामांनी मान वर केली, पांढऱ्याशुभ्र छताकडे तोंड धरलं आणि चोंदलेल्या नाकानं हळूच श्वास घेतला.