तुडुमाचं कापड

आमच्या गावात कोणी आजारी पडलं की डॉक्टरच्या आधी कवडूभाऊ येतो. खाटेजवळ बसतो, तब्येत विचारतो आणि मग दोरीवरच्या धोतराचा काठ दोन बोटांत धरून पोत बघतो. माझे वडील तापानं फणफणले होते तेव्हाही आला. धोतर चाचपून म्हणाला, "मस्त जाड आहे, पाटील. हे कोनाले देऊ नका." वडील रागानंच उठून बसले आणि त्याच आठवड्यात शेतावर गेले.

कवडूभाऊ आमच्या तलावाचा पाटकरी. मूल तालुक्याच्या धानपट्ट्यात गावोगावी असे जुने तलाव आहेत आणि तलावाच्या बांधात, म्हणजे पाळीत, असतो तुडूम, म्हणजे पाणी सोडायचं दगडी बांधकाम. त्याला पायरीपायरीनं खाली भोकं. पाणी उतरेल तसं वरून एकेक भोक उघडायचं, शेतं भिजली की लाकडी खुंट्याला कापड गुंडाळून तो पुन्हा ठोकायचा. काम एवढंच. पण कापड मेलेल्या माणसाचंच लागतं, हे कवडूभाऊचं शास्त्र.

"जित्या मानसाचं कापड पानी धरत नाई," तो सांगतो. "त्याचा जीव इकडंतिकडं फिरत रायते. मेलेल्याले कुठी जाची घाई नसते."

ऐकून हसू येतं आणि अंगावर काटाही येतो. पाळीवरून जाताना तो पाण्याकडे बघून "रामराम, शामरावजी" म्हणतो, कारण वरच्या भोकात शामरावांचं धोतर ठोकलेलं असतं. एकदा तिथून गुळगुळ आवाज आला, तर हा म्हणतो, "त्यायचा खोकला अजून गेला नाई वाटते." शामरावांची सून तेव्हा माझ्या मागेच चालत होती. तिनं ती वाट कायमची सोडली.

सगळ्यांत खालचं भोक मात्र कोणी उघडलेलं पाहिलं नव्हतं. तिथं कोण आहे असं विचारलं की कवडूभाऊ तंबाखू मळायला लागायचा.

गेल्या वर्षी पावसानं मध्येच दगा दिला. धान ऐन लोंबीवर आणि तलाव त्या शेवटच्या भोकाशी टेकलेला. ते उघडलं नाही तर गावाच्या हाती दाण्याऐवजी नुसतं तणस, कोरडा पेंढा येणार होता. आम्ही चारचौघं त्याच्या घरी गेलो. बायको गेल्यापासून तो एकटाच राहतो. आमचं ऐकून तो तंबाखू मळायला लागला, मग ती तशीच झटकून टाकली.

"तिथी शेवंता आहे," तो म्हणाला. "तिचं लुगडं. तिथवर पानी कधी उतरत नाई. तिले कोनी हलवनार नाई म्हनून तिथी ठेवलं."

मग तोच उठला. "धानाले पानी तं पाह्यजेच," म्हणाला.

त्यानं बुडी मारली. पाट भरून वाहू लागला आणि आम्ही सगळे पाण्यामागे शेताकडे धावलो. मी वळून पाहिलं, तर तो छातीशी काळं ओलं कापड धरून पायरीवर बसला होता.

शेतं भिजली. उरलेलं पाणी गुरांसाठी राखायचं, म्हणजे भोक बंद करणं आलं. पण वरच्या भोकांतली कापडं काढतानाच फाटली होती आणि त्या वर्षी गावात कोणी मेलंच नव्हतं. मी विचारायला गेलो, तर त्याच्या अंगणात दोरीवर हिरवं लुगडं वाळत होतं. धुऊन, काठ सरळ करून टाकलेलं.

"हेच लावता का परत?"

"नाई. किती वर्सानं घरी आली. आता काऊन धाडू तिले पान्यात?" अंगावरचं धोतर सोडून त्यानं घडी केली होती, कमरेला नुसता पंचा. "माह्यं लावतो."

"पन भाऊ, जित्या मानसाचं कापड पानी धरत नाई म्हन्ता ना तुमी?"

"पाहू," तो म्हणाला आणि लुगड्याची चुणी हातानं सारखी केली.

संध्याकाळी त्यानं खुंटा ठोकला, तसा मी पाळीखाली पाटाच्या बाजूला उतरलो. तुडुमाच्या तोंडाशी वाकून दगडाला हात लावला. थोडं तरी पाणी झिरपू दे, असं मी अगदी मनापासून म्हणत होतो. पाट ठणठणीत कोरडा होता.