नऊ माळांचा कॉम्प्युटर

खामवाडीच्या वाचनालयातला कॉम्प्युटर घटस्थापनेच्या दिवशी सकाळी पावणेदहाला सुरू झाला, आणि त्यानंतर तो बंद करायची काकासाहेबांची छाती झाली नाही.

काकासाहेब म्हणजे वाचनालयाचे ग्रंथपाल, शिपाई आणि पावसाळ्यात बहुतेक दिवस एकमेव वाचक. बावीस वर्षं ते रोज सकाळी सातला कुलूप काढत आले होते, तेही बिनपगारी. ग्रामपंचायतीने दिलेल्या एका खोलीत अकराशे पुस्तकं होती, आणि त्यातलं कुठलं पुस्तक कुठल्या घरात उशाखाली पडलंय हे त्यांना तोंडपाठ होतं. दोन हजार तीन साली तालुक्याच्या कुठल्याशा कचेरीत नवे कॉम्प्युटर आले, तेव्हा जुने तीन काकासाहेबांनी मागून घेतले आणि जीपच्या टपावर गोधडीत गुंडाळून बाळंतिणीला आणावं तसे हळूहळू गावात आणले. पुढे तीन वर्षं ते तिन्ही खोलीच्या कोपऱ्यात चादरीखाली निवांत झोपून राहिले.

सरपंच अप्पारावांना ही झोप बघवत नव्हती. माणूस वाईट नव्हता, पण पुस्तक आणि पोतं यांत निवड करायची वेळ आली की त्यांचं मन पोत्याकडे झुकायचं.

"काकासाहेब, सोसायटीचं खत भिजून राह्यलंय," एक दिवस ते दारात उभे राहून म्हणाले. "हे भंगार आन् ती पुस्तकं घरी न्या. खोली पायजेल."

"भंगार न्हाई सरपंच. चालतंय हे."

"कव्हा?"

"दसऱ्याला," काकासाहेबांच्या तोंडून निघून गेलं.

"ठरलं मंग. दसऱ्याला पूजा झाली की गावासमोर दाखवा. चाललं तर खोली तुमची, म्या पुन्हा नाव काढणार न्हाई. न्हाई चाललं तर संध्याकाळी खत आत."

काकासाहेबांना त्या रात्री जेवण गेलं नाही. सकाळी उठून त्यांनी जवळच्या हसनाबादचा बाजार गाठला. तिथे इस्माईलचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. इस्माईलने येऊन तीन कॉम्प्युटर उघडले, एकाची मान दुसऱ्याच्या धडावर बसवली, तिसऱ्याचं पोट रिकामं केलं आणि त्यातून एक उभा केला. हार्ड डिस्क मात्र तिन्हींच्या मेलेल्या होत्या. तेव्हा इस्माईलने एका मासिकाबरोबर फुकट आलेली सीडी पिशवीतून काढली. तिच्यावर त्याने हिरव्या स्केचपेनने चांदणी काढून ठेवली होती.

"काका, ह्यात सगळं हाय. लिहायचं, चित्रं काढायची, पत्ते खेळायचे. बिलकुल फुकट. हार्ड डिस्कबी लागत न्हाई."

"एवढ्या जुन्या मशिनीला झेपंल?"

"म्हाताऱ्याला हलकं जेवण द्यावं तसं हाय हे. आरामात पचतं." इस्माईलने घटस्थापनेच्या त्या सकाळी सीडी आत सरकवली. कॉम्प्युटर चार-पाच मिनिटं कण्हला, कुंथला आणि पडद्यावर निळंशार चित्र उगवलं. इस्माईलने सीडी बाहेर काढून काकासाहेबांच्या हातावर ठेवली, तरी चित्र जागच्या जागीच होतं. "सगळं मशिनीच्या डोक्यात चढलं बघा. आता हिची गरज न्हाई. पन एक ध्यानात ठेवा. बंद झालं की डोकं कोरं. पुन्हा चालू करायला हीच सीडी पायजेल."

"मंग अजून एक काढून ठेव की."

"काढायची मशीन माझ्याकडं कुठाय? औरंगाबादला चुलतभाऊ हाय, त्याच्याकडून आणतो. दसऱ्यानंतर."

काकासाहेबांनी सीडी रुमालात बांधून घरी नेली आणि घड्याळाशेजारच्या कोनाड्यात ठेवली. जेवताना त्यांना राहवेना. "नंदा, काय येक येक इद्या निघून राह्यली! त्या सीडीची आता काही गरजच न्हाई," त्यांनी बायकोला दोनदा सांगितलं. उरलेलं वाक्य भाकरीबरोबर पोटात गेलं.

घटस्थापनेला सणाची म्हणून लाइट गेलीच नव्हती, पण दुसऱ्या दिवशी बाराला जायची होती. सहा तासांचं भारनियमन होतं, एरवी घड्याळ लावून घ्यावं इतकं नेमाचं. त्याआधी कॉम्प्युटर नीट बंद करावा आणि सीडी हाताशी ठेवावी म्हणून काकासाहेब नऊलाच घरी आले. कोनाडा रिकामा होता.

"अगं, इथं सीडी ठेवल्ती मी."

"ती चकाकती? बाजरीत बांधली की सकाळीच," नंदाबाई पीठ मळत म्हणाल्या.

"बाजरीत?"

"पाखरं आवरंनात. कणसं भरून राह्यलीत. आन् तुमीच म्हणलात ना, तिची गरज न्हाई म्हून? दोनदा म्हणलात."

त्या वर्षी गावातल्या प्रत्येक रानात सीड्या लटकत होत्या. उन्हात त्या चमकल्या की चिमण्या बिचकायच्या, हे सगळ्यांना ठाऊक होतं. काकासाहेब धोतर सावरत रानाकडे पळाले. विहिरीकडच्या कोपऱ्यात, नंदाबाईंनी सांगितलेल्या काठीला फक्त तुटलेला दोरा होता. हिरवी चांदणी कुठेच नव्हती. न जाणो, चुकून दुसरीकडे बांधली असेल म्हणून त्यांनी रानातल्या बाकीच्या नऊ सीड्या सोडून आणल्या आणि इस्माईलला निरोप धाडला. इस्माईलने सगळ्या आलटूनपालटून पाहिल्या. त्यांत सात लग्नं निघाली, एक बारसं आणि एका औषध कंपनीची फवारणीची माहिती.

"काका, ह्यातली एकबी आपली न्हाई," तो म्हणाला. भिंतीवरच्या घड्याळात अकरा झाले होते.

नेमक्या त्याच वेळी दारात सगुणाबाई आल्या. सगुणाबाई म्हणजे सरपंचांच्या मातोश्री. वय ऐंशीच्या आसपास, आवाज मात्र जुन्या लाउडस्पीकरचा. हातात झेंडूची माळ होती. गावात नवीन काही सुरू झालं की त्याला पहिली माळ आपली, असा त्यांचा नेम होता.

"काकासाहेबा, तोंड का उतरलंय रे?"

खरं सांगावं तर संध्याकाळपर्यंत ते अप्पारावांच्या कानावर जाणार. काकासाहेब गडबडले. "माय, आता लाइट जाईन. ह्ये बंद पडंल. घटाच्या दिवशी लावलंय, आन् मधीच इझलं तर..."

पुढचं सगुणाबाईंनी स्वतःच ओळखलं. त्यांनी डोळे मोठे केले. "नवरात्रात लावलेला दिवा इझवायचा? बिलकुल न्हाई! कोन हाय रे तिकडं? आमच्या अप्पाला म्हणा, जल्दी ट्रॅक्टर घिऊन ये!"

अप्पाराव ट्रॅक्टर घेऊन आले ते धुसफुसतच. "माय, ते मशीन हाय. दिवा न्हाई."

"आन् तुजा ट्रॅक्टर कोनता देव हाय? दसऱ्याला त्याला नारळ का फोडतो मंग?"

अप्पारावांनी ट्रॅक्टर मागे वळवला. ट्रॅक्टर खिडकीला पाठ लावून उभा राहिला. इस्माईलने दुकानातला इन्व्हर्टर आणला, ट्रॅक्टरच्या बॅटरीपासून खिडकीतून तारा ओढल्या आणि बाराला दोन मिनिटं कमी असताना जोडणी पूर्ण केली. लाइट गेली. पंखा थांबला. पडद्यावरचं निळं चित्र हललंसुद्धा नाही. सगुणाबाईंनी माळ घातली. एका थापेने दुपार निभावली होती, आणि अजून आठ दिवस बाकी होते.

त्या आठ दिवसांत गावाने कॉम्प्युटरला फुलासारखं जपलं. लाइट आली की इस्माईलचा चार्जर बॅटरी भरायचा, गेली की बॅटरी कॉम्प्युटरला पाजायची. रोज बाया माळ घालायला येत, आणि फुलं मागच्या जाळीत जाऊ नयेत म्हणून काकासाहेब हळूच ती बाजूला करत. माउसला कुणीतरी हळदकुंकू वाहिलं होतं. या गर्दीत काकासाहेबांचं एक काम मात्र झपाट्याने झालं. एका बोटाने टाइप करत त्यांनी पुस्तकांची यादी कॉम्प्युटरवर चढवली. रोज ती फ्लॉपीवर उतरवून ठेवायला इस्माईलने शिकवलं होतं. गावातल्या कमरबीने यादीत पुस्तक नेणाऱ्यांत आपल्या नातीचं नाव वाचलं आणि घरी जाऊन दोन वर्षं ठेवलेलं पुस्तक परत आणून दिलं. इतके लोक वाचनालयात काकासाहेबांनी बावीस वर्षांत पाहिले नव्हते. त्यांना आनंद व्हायचा आणि लगेच सीडी आठवायची. दोघं नवरा-बायको पहाटे बाजरीच्या ताटांखाली वाकून शोधत फिरत, आणि कुणी विचारलंच तर नंदाबाईंचं जोडवं पडलंय असं सांगत.

दसरा उजाडला. त्या दिवशी लाइट सकाळपासूनच गेली होती. ट्रॅक्टर हलवता येत नव्हता म्हणून अप्पारावांनी तो उभ्या जागी धुतला, झेंडूने मढवला आणि तिथेच नारळ फोडला. पूजा आटोपल्यावर अख्खं गाव वाचनालयात घुसलं. जे मावले नाहीत ते खिडक्यांना लटकले. काकासाहेबांनी यादी दाखवली. कुणी पुस्तकाचं नाव सांगावं आणि ते कुठल्या कपाटात आहे हे काकासाहेबांनी कॉम्प्युटरवर काढून दाखवावं, असं दहा वेळा झालं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. काकासाहेबांचा जीव भांड्यात पडत आला.

"ब्येस," अप्पाराव म्हणाले. "आता बंद करा."

"बंद?"

"बंद करा आन् पुन्हा चालू करा. म्या पाण्याची मोटर घेताना तीन बार बंद-चालू करून बघतो. नऊ दिवस चालू हाय ते तर म्या रोज बघून राह्यलो, माझ्याच बॅटरीवर."

काकासाहेबांनी आधारासाठी सगुणाबाईंकडे पाहिलं. "माय, दिवा..."

"सकाळीच घट उठले की रे. आता इझवायला हरकत न्हाई."

दुसरी वाट उरली नाही. काकासाहेबांनी बटण दाबलं. पडदा काळा झाला. त्यांनी पुन्हा दाबलं. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांची एक ओळ आली आणि तिथेच थांबली. निळं चित्र काही उगवलं नाही.

"सरपंच, ह्याची सीडी हरवली," काकासाहेब म्हणाले. "दुसऱ्या माळेलाच हरवली. दिव्याचं मी मायला खोटंच सांगितलं. सगळ्या गावाला फसवलं. खोली घ्या तुमी." त्यांनी कपाटातलं पहिलं पुस्तक काढलं, उपरण्याने पुसलं आणि टेबलावर ठेवलं. मग दुसरं काढलं. लोकांना खाली बघावंसं वाटलं. अप्पारावांनीसुद्धा मान फिरवली.

नंदाबाई पुढे झाल्या. "त्यांचा दोष न्हाई. म्याच बांधल्ती बाजरीत. हिरव्या चांदणीची होती."

"विहिरीकडल्या कोपऱ्यात?" सगुणाबाईंनी विचारलं.

"हां. तुमाला कसं माहीत?"

"ती तर म्या आणली! देवीला जाताना दिसली. लई चकाकत होती. म्हणलं, पाखरांना काय करायची? आपल्या अप्पाच्या ट्रॅक्टरला बांधावी, नजर लागायची न्हाई."

सगळं गाव खिडकीकडे धावलं. ट्रॅक्टर नऊ दिवस तिथेच उभा होता. काकासाहेबांनी त्याची पाठ आणि तारा तेवढ्या रोज पाहिल्या होत्या, त्याचं तोंड रस्त्याकडे होतं. पूजा केलेल्या ट्रॅक्टरला दुसऱ्याने कसा हात लावायचा, म्हणून अप्पाराव स्वतः गेले आणि झेंडूच्या हारांत हात घालून लिंबू-मिरचीसकट सीडी घेऊन आले. एका बाजूला हिरवी चांदणी होती. चकाकत्या बाजूला सगुणाबाईंनी कुंकवाचं स्वस्तिक काढलं होतं.

"या अल्लाह," इस्माईल पुटपुटला. "वाचायची बाजू तर हीच हाय." त्याने ती ओल्या फडक्याने आणि मग सदऱ्याच्या टोकाने पुसली आणि आत सरकवली. कॉम्प्युटर कण्हू लागला. इन्व्हर्टरही टीं टीं करून केकाटू लागला, कारण बॅटरी सकाळपासून राबत होती. काकासाहेबांनी डोळे मिटले. नंदाबाईंनी त्यांचा हात धरला, चारचौघांत, लग्नानंतर पहिल्यांदाच. मग खिडकीतून कुणीतरी ओरडलं, "उगवलं!"

इस्माईलने फ्लॉपी घातली आणि यादी उघडली. अकराशेच्या अकराशे पुस्तकं जागेवर होती. अप्पारावांनी टेबलावरची दोन पुस्तकं उचलून स्वतः कपाटात ठेवली, उलटी का होईना. "खोली तुमची," ते म्हणाले. "खताचं बघू कुठंतरी. जल्दी तारा काढा आता, सीमोल्लंघनाला जायचंय."

तारा सुटल्या. कॉम्प्युटर विझला, पण आता त्याची भीती कुणालाच नव्हती. अप्पाराव फेटा नीट करून ट्रॅक्टरवर चढले आणि त्यांनी चावी फिरवली. ट्रॅक्टरने एक बारीक हुंदका दिला आणि तो गप्प झाला. त्यांनी पुन्हा चावी फिरवली. तिसऱ्या वेळी हुंदकाही आला नाही.

"बंद करून चालू करून बघताय का सरपंच?" मागून कुणीतरी विचारलं.

अप्पाराव खाली उतरले. कुणाकडेही न बघता त्यांनी ट्रॅक्टरला खांदा लावला. त्यांच्या शेजारी काकासाहेबांनी लावला, मग इस्माईलने, मग अर्ध्या गावाने. वाचनालयाच्या पायरीवर बसून तो सोहळा बघणाऱ्या सगुणाबाईंनी तिथूनच हाक दिली.

"अप्पा, कशाला जीव काढतो? त्यालाबी ती चकती घालून बघ की!"