वास पिणारे स्फटिक

"अहो, माझे स्फटिक वास पितात, वास!" सूनबाईंनी जाहीर केलं आणि ओढणी खोचली. आता काही खरं नाही, हे नवऱ्याने ओळखलं.

सूनबाई रसायनशास्त्रज्ञ. सच्छिद्र स्फटिक घडवण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. एका रेणूभोवती स्फटिकाच्या भिंती उभ्या राहू द्यायच्या, मग भट्टीत तो रेणू जाळून टाकायचा. मागे उरते पोकळी. तिच्यात वास, ओल, काहीही शिरून बसतं. इकडे घरातली मोरी कधीची घाण मारत होती आणि भाडेकरार वाढवायचा की नाही, हे ठरवायला संध्याकाळी घरमालकीणबाई येणार होत्या. पुन्हा घर शोधत वणवण करायची कुणाचीच तयारी नव्हती.

सूनबाईंनी प्रयोगशाळेतून डबीभर पांढरी पूड आणली.

"मीठ का गं हे?" सासूबाईंनी विचारलं.

"मीठ काय आई! याच्या चमचाभरात फुटबॉलच्या मैदानाएवढी जागा आहे!"

"असेल बाई. मोरीपुरती निघाली तरी पुरे."

पुडीने वाटेत हवेतली ओल प्यायली असणार, म्हणून सूनबाईंनी ती ओव्हनमध्ये ठेवली आणि बटण पार टोकाला फिरवलं. शास्त्राप्रमाणे अगदी बरोबर! चूक एवढीच, की भट्टीतून निघालेली पूड आणि भट्टीत जायची राहिलेली पूड, दोन्ही सारख्याच पांढऱ्या. सूनबाईंनी आणली होती राहिलेली. पोकळ्या होत्या, पण गच्च भरलेल्या!

रेणू तापून फुटले आणि कुजक्या माशांचा असा भपकारा सुटला, की मोरीने लाजून मान खाली घालावी.

"अगं, ओव्हनमध्ये काय मेलंय?" नवरा नाक दाबून ओरडला. त्याने पंखे लावले. पंख्यांनी वास इमानेइतबारे खोल्याखोल्यांतून पोचवला. सासूबाईंनी अत्तर शिंपडलं. आता मासे नटूनथटून लग्नाला निघाल्यासारखे वाटू लागले!

तेवढ्यात बेल वाजली.

मालकीणबाईंनी उंबऱ्यातच रुमाल नाकाला लावला. "हे काय?"

"रेणू आहेत, काकू," सूनबाई प्रामाणिकपणे म्हणाल्या. "स्फटिकात घर करून असतात. तापवलं की बाहेर पडतात."

"आणि घराची पडझड?"

"छे! भिंतीला तडासुद्धा जात नाही."

"म्हणजे राहणारा बाहेर, घर शाबूत?"

"अगदी बरोबर!" इतकी हुशार श्रोती सूनबाईंना आजवर भेटली नव्हती. त्या खुलल्या. "आणि लगेच दुसऱ्या कुणालाही आत घेता येतं!"

"वा!" मालकीणबाईंनी करार पर्समध्ये परत टाकला. "मग महिनाअखेरीला निघा."

दार बंद झालं.

"समजावलंस मात्र छान हो," सासूबाई म्हणाल्या.