बाबांचं संध्याकाळचं ताट

कोण काहून चिडते, हे मला विचारा! राळेगावात विशेष मुलांच्या शाळेत शिकवते मी. कोणी चावते, कोणी भिंतीवर डोकं आपटते, कोणी दुसऱ्याचा डबा खिडकीबाहेर टाकते. लोक म्हणतात, पोरगं बिघडलं. मी म्हणते, थांबा! त्याला काहीतरी सांगायचं आहे. कारण शोधून देणं हे माझं काम!

आणि माझ्याच, ह्या दीपमालाच्याच घरी रोज संध्याकाळी ताट उडत होतं!

ताट उडवणारे माझे सासरे, डोमाजी. उन्हाळ्यात त्यांना लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. डावा हात तेवढा शाबूत. दुपारी गुपचूप जेवायचे. संध्याकाळी मात्र समोर ठेवलेलं ताट आधी पुढे ढकलायचे, आणि मग धाडकन! परवा ताटाची कड सासूबाईंच्या भुवईला लागली. टाके पडले. माझी नणंद साधनाताई सासरहून, बोरी अरबहून रडतच आली.

"वहिनी, आता बस झालं! आईचा डोळा गेला असता. रविवारी मी गाडी घेऊन येते. बाबाले यवतमाळले वृद्धाश्रमात ठेवू."

माझा नवरा राजदीप भिंतीकडे पाहत बसला. सासूबाई, कांताबाई, पट्टी बांधलेल्या कपाळानं कांदा चिरत होत्या. मला पाहायला आले तेव्हा बाबांनी एकच प्रश्न विचारला होता, "पोरी, लग्नानंतर नोकरी सोडशीन तं नाही ना?" त्यांना मी वृद्धाश्रमात कशी पाठवू?

"ताई, रविवारपर्यंत थांबा," मी छाती ठोकून म्हटलं. "कारण शोधायच्या तीन पद्धती असतात. विचारायचं, पाहायचं, करून पाहायचं. मी तिन्ही लावते!"

आधी विचारलं. राजदीप म्हणाला, "भाजीत मीठ कमी असते." साधनाताई फोनवर म्हणाली, "टीव्हीच्या आवाजानं भडकतेत ते." शेजारच्या बेबीताई कुंपणावरून म्हणाल्या, "नजर लागली वं! लिंबू उतरव." आमच्या घरी तसलं चालत नाही, हे त्यांना माहीत आहे, तरी दर वेळी सांगतात! सासूबाई म्हणाल्या, "मले काय मालूम? हा माणूस जवानीतही असाच तिरसट होता." चार माणसं, चार कारणं. ज्याचं त्याचं दुखणं त्यानं बाबांच्या नावावर खपवलं!

मग पाहिलं. मी कोपऱ्यात बसून बाबांकडे टक लावली. बाबांनीही माझ्याकडे टक लावली! मग ताट ढकललं, ताट उडालं, आणि आम्ही सगळे धावलो. राजदीप झाडू घेऊन, मी पाणी घेऊन, सासूबाई भाकरीचं टोपलं तिथंच टाकून. मी टाळीच वाजवली. सापडलं! सगळे धावतात म्हणून फेकतात! बाबांना लक्ष पाहिजे!

शनिवारी करून पाहायचं ठरलं. ताट उडालं तरी कोणी पाहायचं नाही, कोणी हलायचं नाही. ताट मी प्लास्टिकचं ठेवलं, इतकी काही मी वेडी नाही! ते उडालं. वरण बाबांच्या दाढीवरून ओघळायला लागलं. आम्ही तिघं पुतळ्यासारखे टीव्हीकडे तोंड करून. तेवढ्यात विरजण मागायला बेबीताई दारात!

"अवं माय!" एवढंच म्हणाल्या आणि विरजण न घेताच गेल्या.

मी मागे धावले. "बेबीताई, ही पद्धत आहे!"

"मोठी आली पद्धतवाली! बुढ्याच्या तोंडाले वरण, अन् हे टीव्ही पाहून राह्यले!"

सकाळपर्यंत गावभर झालं. दीपमाला सासऱ्याले उपाशी ठेवते! दुपारपर्यंत त्यात भर पडली. वरून तोंडावर गरम वरण ओतते! रविवारी संध्याकाळी बाबांसाठी डबे घेऊन बाया येऊ लागल्या. बुद्धविहारातल्या आल्या, शेजारच्या आल्या, ज्यांना मी ओळखत नाही त्याही आल्या. आणि साधनाताईची गाडी! एसटीतून उतरलेल्या कोणीतरी तिला बोरी अरबलाच सांगितलं होतं.

"वहिनी, हे तुही पद्धत?" तिनं बाबांचे कपडे पिशवीत भरायला घेतले.

मी सगळ्यांसमोर ढसाढसा रडले. माझ्याच शहाणपणानं बाबा घराबाहेर चालले होते!

पण दारात आलेल्याला उपाशी पाठवतील त्या सासूबाई कसल्या? त्यांनी पंगत बसवली. आलूवांग्याची भाजी, भाकरी, आणि आलेले डबे. स्वतः टोपलं घेऊन वाढायला उभ्या. मधोमध खुर्चीवर बाबा, समोर स्टूलवर ताट. सगळ्यांची नजर त्या डाव्या हातावर.

बाबांनी ताट पुढे ढकललं. मग कड धरली. साधनाताईनं पिशवी उचलली.

आणि सासूबाईंचा बांध फुटला! "फेक! फेक माह्या टकुऱ्यावर! सकाळपासून उभी आहो मी, पोटात अन्नाचा कण नाही!" असं म्हणत त्या बाबांसमोर फतकल मारून बसल्या आणि रागारागात त्यांच्याच ताटातली भाकर मोडून तोंडात कोंबली.

बाबांचा हात खाली आला. त्यांनी ताट आपल्याकडे ओढलं आणि जेवायला सुरुवात केली.

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. दुपारी घरी दोघंच असतात, तेव्हा सासूबाई त्यांच्यासोबत जेवतात. संध्याकाळी आम्ही सगळे आलो की त्या वाढायला उभ्या राहतात, आणि शेवटी उरलंसुरलं खातात.

"आई, जरा उभ्या राहा!"

त्या उठल्या. बाबांचा हात ताटाच्या कडेवर.

"बसा!"

बाबा जेवू लागले.

"उभ्या राहा!"

"अवं, माह्ये गुडघे हायेत का हापशीचा दांडा?" पण उठल्या बिचाऱ्या. हात पुन्हा कडेवर!

आता पंगतीतल्या बायांनाही उमगलं. सगळ्यांत शेवटी सासूबाईंना. त्या बाबांकडे पाहत राहिल्या आणि एकदम कडाडल्या, "साऱ्या जनमात ह्या माणसानं मले इचारलं नाही, जेवली का म्हणून! एकदाही नाही! आता वाचा गेली तवा इचारून राह्यला!"

आणि पदरात तोंड लपवून हुंदके द्यायला लागल्या. बेबीताई त्यांच्याहून मोठ्यानं. साधनाताईनं पिशवीतले कपडे काढून परत कपाटात रचले.

तेव्हापासून सासूबाई बाबांसोबतच जेवायला बसतात. ताट उडत नाही. मग वाढायला उभं कोण? मी!

काल राजदीप जेवला, हात धुतले आणि मोबाईल घेऊन लवंडला. मी गंजाच्या बुडाला उरलेली भाजी खरवडत त्याच्याकडे पाहिलं. पुन्हा पाहिलं. काही नाही! तेवढ्यात बाबांनी माझ्याकडे पाहिलं, राजदीपकडे पाहिलं, आणि रिकामी वाटी जमिनीवर दाणकन आपटली.

माझे डोळे भरून आले.

राजदीप मोबाईलमधून डोकं न काढता ओरडला, "दीपमाला! पाह्य बरं, बाबाले अजून भूक लागली वाटते!"