शून्य अँपिअरची इस्त्री

शाळा मी नववीतच सोडली. पण व्होल्ट भागिले अँपिअर म्हणजे ओहम आणि व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट, हे मला झोपेतून उठवून विचारा! त्यात आता माझ्याकडे नवाकोरा क्लॅम्प मीटर आहे. खेकड्याच्या नांगीसारखा जबडा वायरीभोवती लावायचा, की करंट दिसतो. वायर सोलायला नको, शॉक खायला नको.

म्हणूनच ताईने बोलावलं. तिची आणि भाऊजींची लॉन्ड्री आहे, वरच्या मजल्यावर घरमालकीण. दुकानाचा फ्यूज सारखा उडायचा. मालकीणबाईंचं म्हणणं, तुमची इस्त्री दोन हजार वॅटची राक्षसीण आहे, माझं वायरिंग जाळेल, दुकान खाली करा. भाऊजी सांगून थकले, इस्त्रीवर हजार वॅट लिहिलंय. पण लिहिलेल्यावर कोण विश्वास ठेवतो? मी म्हटलं, मोजू, आणि तोंडावर सिद्ध करू. मालकीणबाई समोर खुर्ची टाकून बसल्या. नजर अशी, जणू मी त्यांची पर्स उघडणार होतो.

व्होल्ट आले दोनशे तीस. जबडा इस्त्रीच्या जाड वायरीला लावला. करंट शून्य.

पुन्हा लावला. शून्यच. म्हणजे वॅटही शून्य. ओहम काढायला गेलो, तर शून्याने भागायची वेळ आली. असल्याच भानगडींना कंटाळून तर शाळा सोडली होती! आणि इस्त्रीवर पाण्याचा थेंब टाकला, तर चर्र.

"मग ही तापते कशावर?" मालकीणबाई म्हणाल्या. "आकडा टाकलाय कुठेतरी."

खरं सांगतो, मलाही तेच वाटलं. मीटर नवा, तो कशाला खोटं बोलेल? भाऊजी मात्र घामाघूम. इस्त्रीवाला माणूस घामाघूमच असणार, पण ते तेव्हा कुठलं सुचायला! गिऱ्हाइकांसमोरच मी त्यांना दरडावलं, चोरीची वायर कुठे आहे ते मुकाट्याने सांगा.

ताई म्हणाली, "अरे, तू आमच्या बाजूचा ना?"

"मी ओहमच्या बाजूचा!"

भाऊजींनी चिडून इस्त्री बंद केली. मी टेबलाखाली घुसलो, गाठोडी उपसली, मागची फळी ओढली. फ्यूजमधून निघालेल्या दोन सुट्या वायरी भिंतीवरून वर चाललेल्या. एकीला जबडा लावला, तर साडेसहा अँपिअर! इस्त्री बंद असताना! म्हणजे जवळपास दीड हजार वॅट कोणीतरी गिळतंय. दोन्ही वायरी एकदम जबड्यात धरल्या, तर पुन्हा शून्य.

तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. जाणारा करंट आणि परत येणारा करंट एकमेकांना खाऊन टाकतात. इस्त्रीची जाड वायर म्हणजे आत दोन वायरीच की! हळूच वरचं आवरण चिरलं, आतली एकच वायर धरली आणि इस्त्री लावली. सव्वाचार अँपिअर. चोपन्न ओहम, हजाराच्या आत वॅट. राक्षसीण कुठली, गरीब गाय!

मग मी फ्यूज ओढला. लगेच वरून मालकीणबाईंच्या सुनेचा आवाज आला, "सासूबाई, शेगडी बंद पडली!"

मी गिऱ्हाइकांना मोठ्याने सांगितलं, आकडा सापडला, आकडेवाली खुर्चीवर बसलीये. मालकीणबाई लालबुंद. जुन्या वायरमनने जोडलं असेल, आपल्याला काय माहीत, असं पुटपुटत उठल्या आणि भाऊजींना म्हणाल्या, "दुकान राहू दे. ती वायर आजच काढून घेते. पण हा पोरगा परत या दारात दिसता कामा नये."

भाऊजींनी विचार करायलाही वेळ घेतला नाही. आणि ताईने तर तोवर माझ्या चपला बाहेरच्या दिशेला तोंड करून ठेवल्यासुद्धा होत्या.