पुसलं की तापतं

सातारच्या एका सरकारी कचेरीत १९९६ साली कॉम्प्युटर आला, आणि त्याच आठवड्यात माणदेशातला माजी सैनिक हरिबा घरी चहा पिता पिता त्यात मयत म्हणून लागला. चहा त्यानं पुरा केला.

एक डोळा मोतीबिंदूनं गेलेला, दुसरा वाटेवर. पण हयातीच्या दाखल्याशिवाय लष्करी दवाखाना मेलेल्याचा डोळा कापत नव्हता. हरिबा कचेरीत आला आणि 'मयत' तेवढं पुसा म्हणाला.

तिथले सौमित्रसाहेब पुण्याहून कॉम्प्युटरचं प्रशिक्षण घेऊन आलेले. त्यांनी गंभीरपणे सांगितलं, माहिती पुसली की उष्णता बाहेर पडते; अणूएवढ्या यंत्रालाही यातून सूट नाही. खोली आधीच तापलेली. सबब एसी मंजूर होईपर्यंत पुसण्यास मनाई.

"म्हंजे पुसलं की तापतं?"

"बरोबर."

"ते ठाव हाय, साहेब. कुठल्याबी हापिसात कायबी पुसलं की साहेब तापतोच."

माणदेशात पुसणं म्हणजे विचारणं. साहेब तापले. नियम सिद्ध झाला.

"मग मी जित्ता हाय का मेलोय?"

साहेब म्हणाले, पुंजभौतिकीत कुणी बघेपर्यंत कण दोन्ही अवस्थांत असतो, तसे तुम्ही.

"मग बघा की माझ्याकडं."

"बघण्याचे अधिकार वरिष्ठांना."

वरिष्ठ सांगलीला बसत. हरिबा एसटीनं तिथं गेला. वरिष्ठांनी त्याच्याकडं न बघता कागद बघितला. कागदात तो मयत. निरीक्षण पूर्ण झालं.

उन्हाळा सरल्यावर एसी आला. साहेब शाल पांघरून बसू लागले. खोली पुरेशी गार झाल्याची खात्री करून त्यांनी ऑपरेटर मयूरीला हुकूम दिला, "हरिबाचं पुसून टाका." तिनं हरिबाच पुसून टाकला. आता तो मयतही नव्हता आणि हयातही. नसलेल्या माणसाला दाखला कसला देणार? दुसरा डोळाही गेला.

हरिबाची बायको अंबूबाई त्याचा हात धरून कचेरीत आली. "आवं साहेब, आता कुणाला पुसायचं?"

"कुणालाच नको," साहेब शाल सावरत म्हणाले. "खोली गार राहू दे."

पुसल्याची उष्णता कुठंतरी जावीच लागते, असा नियम आहे. साहेबांच्या खोलीत ती सापडली नाही. परतीच्या एसटीत अंबूबाईनं हरिबाच्या कपाळाला हात लावला, तर तवा.

तुम्ही मात्र हे सगळं गारेगार वाचून काढलंत. म्हणजे तुम्हीही आजवर कुणाला काही पुसलेलं नाही.