महिपतीमास्तरांचं काळं बूच

"वीज मंडळ गेलं उडत!" राममंदिराच्या पायरीवर उभे राहून महिपतीमास्तर गरजले. "यंदा रामनवमीच्या कीर्तनात दिवा गेला, तर मिशी उतरवून देईन!"

"मास्तर, तुमाला मिशी कुटं हाय?" मंदिराचे पंच चनमल्लप्पा म्हणाले.

"वाढवीन आणि उतरवीन! पण दिवा जाणार नाही!"

मंडळी, बढाई मोठी होती खरी, पण तिच्यामागचं दुखणंही तेवढंच मोठं होतं. साल एकोणऐंशी. सोलापुरात तेव्हा वीज पाहुणीसारखी यायची आणि जावयासारखी रुसून जायची. आदल्या रामनवमीला वैरागचे ज्ञानूबुवा कीर्तनाला उभे होते. काय तो गळा! ऐकणाऱ्याचं निम्मं पाप तिथंच धुऊन निघावं! बुवांनी सीतास्वयंवर रंगात आणलं, रामरायांनी धनुष्याला हात घातला, आणि फट्! सगळीकडे अंधार! लाउडस्पीकर 'कुंईं' करून निजला. मागून कोणीतरी ओरडलं, "धनुष्यासंगं तारबी तुटली जणू!" सगळं देऊळ हसलं. बुवा तेवढे हसले नाहीत. त्यांनी गळ्यातला हार उतरवून देवापुढे ठेवला आणि चालू लागले. बुवांनी मधेच हार उतरवला म्हणजे कीर्तन मोडलं. उत्सवात याहून मोठा अपशकुन नाही!

महिपतीमास्तर तर कीर्तनासाठी भरल्या ताटावरून उठणारे. त्यांना वर्षभर अन्न गोड लागलं नाही. शेवटी वैरागला जाऊन त्यांनी बुवांचे पाय धरले.

"तुमच्या शब्दावर एकवार येतो, मास्तर," बुवा म्हणाले. "पण पुन्हा अंधार झाला तर हार उतरला म्हणून समजा. मग त्या देवळाची पायरी या जन्मी चढायचा नाही."

आता हा शब्द मास्तरांनी दिला कशाच्या जोरावर? तर ते शिकवत त्या पॉलिटेक्निकच्या प्रयोगशाळेत त्यांनी एक यंत्र उभं केलं होतं. पत्र्याच्या ट्रंकेएवढी एक पेटी. तिच्यात एकीकडून हायड्रोजन सोडायचा, दुसरीकडून हवा. आत दोघांचं लग्न लागायचं. ना धूर, ना आवाज. अहेर म्हणून वीज मिळायची आणि वरदक्षिणा म्हणून थेंब थेंब शुद्ध पाणी!

पण मास्तरांचा खरा जीव होता तो पेटीवरच्या छोट्या डब्यात. त्यात अमेरिकेतल्या मामेभावानं पाठवलेली एक चिप बसवली होती. दिसायला झुरळाएवढी, पायही झुरळासारखेच.

"एवढंसं झुरळ सगळी पेटी सांभाळणार?" त्यांच्या पत्नी वच्छलाबाईंनी विचारलं होतं.

"झुरळ नव्हे गं, मेंदू आहे तो! गॅस किती गेला, पाणी किती आलं, सगळं मोजतो. गॅस जातोय आणि पाणी मात्र वाढत नाही, म्हणजे काय झालं?"

"काय झालं?"

"गॅस कुठंतरी गळतोय! लगेच हा घंटा वाजवणार, गॅसची तोटी बंद करणार. माणूस चुकेल, हा चुकणार नाही!"

पाणी मोजायला मास्तरांनी नळीखालच्या काचेच्या बरणीत एक बूच तरंगत ठेवलं होतं. पाणी वाढलं की बूच वर, त्याच्या तारेनं मेंदूला वर्दी. बुचात पाणी मुरू नये म्हणून त्याला काळा ऑइलपेंट दिला होता, चांगला चकचकीत.

रामनवमीच्या संध्याकाळी यंत्र हातगाडीवरून देवळात आलं आणि उतरवताना पाण्याची काचेची बरणी फुटली! आता? वच्छलाबाई धावत घरी गेल्या आणि देवघरातलं तांब्याचं पंचपात्र घेऊन आल्या, पळीसकट.

"वा! अगदी मापात बसतंय!" मास्तर खूश झाले. त्यांनी पेटी नेमकी रामाच्या पायांशी, खांबाच्या आडोशाला ठेवली आणि नळीखाली पंचपात्र लावलं. वच्छलाबाईंनी सवयीनं त्यात तुळशीचं एक पानही टाकलं. देवाचं भांडं रिकामं कसं ठेवायचं?

कीर्तन सुरू झालं. आणि थोड्याच वेळात अख्ख्या पेठेतली वीज गेली! बाहेर मिट्ट काळोख, आणि देवळात? मास्तरांचे दिवे लख्ख! लाउडस्पीकर ठणठणीत! बुवांनी बोलता बोलता मास्तरांकडे पाहून मान डोलवली. चनमल्लप्पांनी मास्तरांच्या पाठीवर अशी थाप मारली की चष्मा मांडीवर पडला.

"मास्तर, मिशी वाढवायचं काम न्हाय आता!"

मास्तरांची छाती इतकी फुगली की सदऱ्याचं एक बटण रामापुढे अर्पण झालं.

बुवांनी पूर्वरंगात नामाचा महिमा सांगितला. रामनामानं समुद्रावर शिळा कशा तरंगल्या, तो दृष्टांत असा दिला की ऐकणाऱ्यांच्या अंगावर काटा आला. मग निरूपण संपलं आणि आख्यानाआधीचा नामगजर सुरू झाला. बुवांना हार घातला, बुक्का लागला. माणसं एकेक करून बुवांच्या पाया पडून देवाच्या पाया पडू लागली. मास्तर पहिल्या रांगेत डोळे मिटून टाळ्या वाजवत होते. नामगजरात डोळे उघडे ठेवणारा माणूस त्यांच्या मते भाविकच नव्हे!

त्याच वेळी पेठेतल्या म्हाताऱ्या दगडाबाई देवापुढे वाकल्या आणि त्यांचं लक्ष खांबाआड गेलं. रामाच्या पायांशी पाणी झिरपतंय. खाली तांब्याचं पंचपात्र. त्यात तुळस, आणि काळा कुळकुळीत...

"अगं बया! शाळिग्राम तरंगतुया!"

आत्ताच बुवांनी तरंगत्या शिळा सांगितल्या आणि आत्ताच ही प्रचिती! दगडाबाईंनी गहिवरून पळीभर तीर्थ घेतलं, प्यायल्या, ओला हात डोक्यावरून फिरवला. मागची बाई पुढे आली. तिच्यामागची तिच्यामागे. बघता बघता रांग पायरीपर्यंत गेली. यंत्र एक थेंब टाकतंय, तोवर पाच पळ्या उपसल्या जातायत!

बूच खाली गेलं. मेंदूनं हिशेब केला. गॅस चालू आणि पाणी आटतंय! गळती!

ठणठणठणठण! घंटा घणाणली.

देवळात घंटा वाजली की आपली माणसं काय करतात? झाडून सगळी उठून उभी राहिली, टाळ कडाडले आणि आरती सुरू झाली!

"अहो, आख्यान राहिलंय अजून!" बुवा ओरडले. ऐकतो कोण! कोणीतरी तबकात कापूर पेटवला.

मास्तरांनी डोळे उघडले. घंटा! म्हणजे गळती! आणि समोर हा एवढा भडका उडालेला कापूर! त्यांनी झेप घेतली, खांद्यावरचं उपरणं तबकावर टाकलं आणि रामरायाची आरती विझवली!

"अय्यो! मास्तरांनी कापूर इजवला!" चनमल्लप्पा किंचाळले.

"दारं उघडा! काडी ओढू नका! लांब व्हा!" मास्तर पेटीकडे धावले. मेंदूनं इमानानं तोटी बंद केली होती. आत उरलेल्या गॅसवर दिवे जेमतेम तगून होते. पिवळे झाले. तांबडे झाले. बुवांचा हात हळूच गळ्यातल्या हाराकडे गेला.

मास्तरांनी प्रत्येक सांध्याला साबणाचा फेस लावला. एक बुडबुडा येईल तर शपथ! मग गळतंय कुठं? त्यांनी पाण्याचं भांडं बघायला मान वळवली, तर दगडाबाईंच्या हातात पळी!

"दगडाबाई! काय करताय?"

"तीर्थ घ्येतेय की. दुसऱ्यांदा. लई ग्वाड हाय."

"अहो, ते तीर्थ नव्हे, माझं मोजमाप आहे! द्या ते परत!"

"आता कुटनं देऊ? पोटात गेलं की! आन् द्येवाचं मोजमाप घ्येनारा तू कोन रं?"

दिवे निखाऱ्यासारखे झाले. बुवांनी हार कानांपर्यंत उचलला. मास्तरांनी इकडेतिकडे पाहिलं, बुवांच्या घशासाठी ठेवलेला तांब्या उचलला आणि त्यातलं पाणी भडाभडा पंचपात्रात ओतलं!

बूच टुणकन वर आलं. मेंदूचं समाधान झालं. तोटी उघडली. आणि दिवे असे भगभगले की दगडाबाईंनी डोळ्यांवर पदर घेतला!

बुवा हार हातात धरून तसेच उभे. मग ते सावकाश पेटीपाशी आले, तरंगणारं बूच पाहिलं, ते धरून ठेवणारी तार पाहिली आणि गालातल्या गालात हसले. हार त्यांनी पेटीला घातला!

"महिपतीमास्तर, दिवा मंदावला, पण विझला नाही. मंडळी, पाहिलंत? देवापुढे तीर्थ वाटलं म्हणून आटलं, आणि पुन्हा ओतलं म्हणून उजळलं! चला, बसा खाली. आख्यानाला याहून चांगला दृष्टांत मला मिळायचा नाही!"

आख्यान असं रंगलं की पेठेत वीज कधी परत आली ते कोणाला कळलंही नाही. तीर्थाची रांग काही हटली नाही. फक्त आता खांबाशी वच्छलाबाई बसल्या होत्या. एक पळी गेली की एक पळी तांब्यातली आत. मेंदू अगदी तृप्त!

मास्तरांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्यांचं यंत्र एकदाही खोटं बोललं नव्हतं! पाणी आटलं होतं म्हणूनच तर ते ओरडलं! देवळातल्या सगळ्या शहाण्यांत शुद्धीवर होतं ते एक झुरळच!

प्रसाद वाटून झाल्यावर चनमल्लप्पा हात जोडून पुढे आले. "मास्तर, हनुमान जयंतीला यंत्र पायजेच बघा. पंचांनी ठरवलंय."

मास्तर ताठ झाले. "आणीन की! दिवे किती लावू? दुप्पट लावू?"

"दिवे ऱ्हाऊ द्या हो. पेट्रोमॅक्स आनू की भाड्यानं. तीर्थाचं तेवढं बघा, म्हंजे झालं!"

मास्तर तिथून जे निघाले ते मागे न बघता निघाले. पण हनुमान जयंतीला हातगाडी पहाटेच देवळात हजर होती. काळ्या बुचाला रंगाचा नवा हात बसला होता. आणि तुळशीचं पान? ते मात्र या खेपेला मास्तरांनी स्वतः तोडून आणलं होतं!